न उघडणारा लॅपटॉप आणि आपली घाई

आमच्या शाळेंतील विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां लॅपटॉप आहे. कोठें तो इ. स. २०२० सालीं, कोरोनाच्या सांथींत शाळा बंद पडल्या तेव्हां, पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेला आहे; कोठें पुण्यास नोकरीस असलेल्या वडील भावानें स्वतःस नवा घेऊन जुना घरीं पाठविलेला आहे; आणि बहुतेक ठिकाणीं तो एकच असून त्यावर वडील शेताचा सातबारा पाहतात, मुलगी प्रकल्प लिहिते आणि धाकटे चिरंजीव खेळ खेळतात. असा हा घरचा उपयोगी गडी एखाद्या सकाळीं बटण दाबलें असतां उठतच नाहीं. दिवा लागतो, पंखाही फिरतो, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटते, आणि पुढें कांहीं नाहीं. मग घरोघर जें होतें तें सारखेंच. कोणी बटण दहा वेळां दाबतो, कोणी “काल याला हात कोणीं लावला होता?” म्हणून धाकट्यास धरतो, आणि शेवटीं शेजारचे कोणी जाणते गृहस्थ येऊन निकाल देतात : “विंडोज उडाली. फॉरमॅट करून टाका.”

या शेवटल्या तीन शब्दांविरुद्ध आज आम्हांस लिहावयाचें आहे.

लॅपटॉपच्या पोटांत जी सांठवणीची जागा असते, तींत दोन प्रकारचा ऐवज असतो. एक, यंत्र चालविणारी मूळ आज्ञावली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स यांसारखी ऑपरेटिंग सिस्टम. ही वस्तु जगांत कोट्यवधि यंत्रांत सांपडते. आज बिघडली तर उद्यां पुन्हां घालतां येते. दुसरा ऐवज तुमचा स्वतःचा : बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें, आजोबांच्या दवाखान्याचे कागद, तुम्हीं महिनाभर बसून लिहिलेला प्रकल्प. याची दुसरी प्रत तुम्हीं केली नसेल तर ती जगांत कोठेंही नाहीं. फॉरमॅट करणारा मनुष्य पहिली वस्तु नीट करण्याकरितां सगळी जागा पुसतो आणि दुसरी वस्तु तीबरोबर नाहींशी होते. दाराचें कुलूप अडकलें म्हणून घर पाडून नवें बांधावें, तसाच हा प्रकार होय. आणि कुलूप पुष्कळ वेळां अडकलेलेंही नसतें, आपण किल्ली उलटी लावलेली असते.

हें आम्ही दुसऱ्यास शहाणपण शिकविण्याकरितां लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत आमचाच जुना लॅपटॉप असा अडून बसला. पडद्यावर इंग्रजींत एक ओळ आली होती. तिचा अर्थ, ‘जिच्यावरून यंत्र सुरू करावें अशी वस्तु सांपडली नाहीं,’ एवढाच होता. आम्ही पदवीधर, वीस वर्षें मुलांना ‘उतारा नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असें सांगत आलेले. परंतु तो एका ओळीचा उतारा आम्हीं वाचला नाहीं. यंत्र उचलून आम्ही एका मोठ्या गांवच्या दुकानीं गेलों. दुकानदार सज्जन होता. त्यानें विचारलें, “सर, आंत कांहीं महत्त्वाचें आहे काय?” आम्हांस परतीची बस गांठावयाची होती. “प्रश्नपत्रिका आहेत, त्या छापील आहेतच,” असें म्हणून आम्हीं मान हलविली. तासाभरांत यंत्र नव्यासारखें होऊन हातीं आलें. बस बार्शीटाकळीच्या अलीकडे आली असेल नसेल, तोंच आम्हांस आठवलें कीं, त्यांत आमच्या मातोश्रींचा आवाज होता. त्या वारल्या त्याच्या आदल्या वर्षीं, लहानपणीं आम्हांस सांगत त्या वऱ्हाडी बोलींतल्या गोष्टी आम्हीं एका दुपारीं त्यांच्याकडून पुन्हां सांगवून घेतल्या होत्या. चाळीस मिनिटांचें तें ध्वनिमुद्रण. दुसरी प्रत नव्हती.

पुढें आठ दिवसांनीं वर्गांत तोच लॅपटॉप उघडूं लागलों, तों पुन्हां तीच ओळ! इयत्ता आठवींतील एक विद्यार्थी पहिल्या बाकावरून म्हणाला, “सर, थो पेन ड्राइव्ह काढून पाहा नं.” यंत्राच्या कडेला एक आंखूड पेन ड्राइव्ह खोंचलेला होता. तो उपटला, बटण दाबलें, आणि विंडोज निमूटपणें उघडली. आमच्या त्या यंत्राची मांडणीच अशी होती कीं, उठतांना तें प्रथम पेन ड्राइव्हकडे पाही. तेथें सुरू होण्याजोगें कांहीं नसल्यामुळें तेथेंच थबकून जाई. पहिल्या वेळींही तोच पेन ड्राइव्ह तेथेंच होता. दुकानदारानें आपला लावण्याकरितां तो काढून पिशवींत दिला होता, आणि आम्हीं तो घरीं येऊन पुन्हां जागच्या जागीं लावला होता. वर्ग हंसला, आम्हीही हंसलों, आणि त्या दिवशीं घरीं गेल्यावर बराच वेळ दिवा न लावतां बसून राहिलों.

तेव्हांपासून आम्हीं या विषयाचा थोडा अभ्यास केला आहे. त्यांतून जें समजलें तें आमच्या गांवच्या रेल्वेवरून सांगणें सोपें जाईल. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी बार्शीटाकळी, वाशीम, हिंगोली, वसमत अशीं स्टेशनें घेत जाते. गाडी वेळेवर पूर्णेस पोहोंचली नाहीं, तर कोणी ‘रूळ उखडून टाका’ असें म्हणत नाहीं. ती कोणत्या स्टेशनावर अडली आहे, हें आधीं विचारतात. बटण दाबल्यापासून तुमचें नांव पडद्यावर दिसेपर्यंत लॅपटॉपही असाच टप्प्याटप्प्यानें जातो. प्रथम वीज. मग यंत्राच्या एका चिपांत कायमची भरलेली लहानशी आज्ञावली जागी होते. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. ती स्मृति, कळफलक, पडदा जागेवर आहेत कीं नाहींत हें पाहते. मग ती तबकडीवरील एका ठराविक जागीं जाऊन ऑपरेटिंग सिस्टमला हांक मारणारी छोटी आज्ञावली शोधते. ती विंडोजच्या गाभ्यास उठविते. आणि गाभा बाकीच्या परिवारास. या सर्व उठण्याला इंग्रजींत ‘बूट होणें’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा पायांतल्या बुटाशीं खरोखरच संबंध आहे. आपल्याच बुटाचा मागला पट्टा धरून आपणच आपल्याला वर उचलावें, अशी एक थट्टेची कल्पना इंग्रजींत आहे. निजलेलें यंत्र स्वतःच स्वतःला उठवितें म्हणून तें नांव पडलें.

आतां गाडी कोठें अडली हें ओळखणें कठीण नाहीं. दिवाच लागत नसेल तर विंडोजला बोल लावण्याचें कारण नाहीं. ती अजून जागीच झालेली नाहीं. चार्जर, भिंतींतलें बटण, एक्स्टेन्शन बोर्ड, दुसऱ्या खोलींतला सॉकेट हें पाहावें. चार्जर काढून, बॅटरी निघण्याजोगी असल्यास तीही काढून, चालू करण्याचें बटण अर्धें मिनिट दाबून धरावें आणि मग चार्जर लावून पुन्हां पाहावें. यंत्रांत अडकून राहिलेला विजेचा अंश निघून जातो आणि कित्येक यंत्रें एवढ्यानेंच उठतात. आमच्या वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो; अशा दिवसांत गादीवर ठेवून चालविलेला लॅपटॉप तापून आपण होऊन बंद पडतो, त्यास तासभर सावलींत निवूं द्यावें.

दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच, अशी स्थिति असेल तर विजेरीचा झोत तिरपा धरून पडद्याकडे पाहावें. अंधुक चित्र दिसलें तर यंत्र उठलेलें आहे, फक्त पडद्यामागचा दिवा गेला आहे. घरांतल्या टीव्हीस एचडीएमआय तार जोडूनही ही खात्री करतां येते. उठतांना यंत्र ‘बीप’ असे आवाज करीत असेल तर ते मोजून लिहून ठेवावे. ती त्याची बोली आहे, आणि कोणत्या कंपनीच्या यंत्रांत किती आवाजांचा काय अर्थ, हें त्या त्या कंपनीच्या माहितीपत्रकांत दिलेलें असतें. बहुधा स्मृतीची पट्टी आपल्या खांचेंत सैल झालेली असते.

कंपनीचें चिन्ह दिसून मग काळ्या पडद्यावर ओळ आली, म्हणजे आमचा वर सांगितलेला प्रसंग आला. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, जें जें बाहेरून लावलेलें असेल तें तें काढावें. तरीही ओळ आली तर यंत्र सुरू होतांना एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकीं त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून बायोसच्या पानावर जावें. तेथें कांहीं बदलूं नये. फक्त तबकडीचें नांव यादींत आहे किंवा नाहीं, एवढें वाचावें. नांव असेल तर तबकडी जिवंत आहे. क्रम बदलला असेल किंवा हांक मारणारी छोटी आज्ञावली बिघडली असेल, आणि तें बहुधा कांहीं न पुसतां दुरुस्त होतें. नांवच नसेल तर जोडणी सुटली आहे किंवा तबकडी गेली आहे, आणि मग फॉरमॅट तरी कशाचें करणार? जुन्या फिरत्या तबकडींतून ‘टक् टक्’ असा आवाज येऊं लागला असेल, तर मात्र तत्काळ यंत्र बंद करावें व पुन्हां चालू करून पाहूं नये. प्रत्येक वेळीं चालू केल्यानें आंतला ऐवज आणखी खरवडला जातो.

विंडोजचें चिन्ह येऊन, वर्तुळ फिरत राहून, किंवा निळा पडदा दाखवून यंत्र अडलें, तर गाडी पूर्णेच्या जवळ आलेली असते, आणि नेमकी तेथेंच घाई फार होते. निळ्या पडद्यावरील शब्दांचें मोबाइलनें छायाचित्र घ्यावें. विंडोजला लागोपाठ कांहीं वेळां नीट उठतां आलें नाहीं, म्हणजे ती आपण होऊन दुरुस्तीचें पान पुढें करते. न केल्यास, चिन्ह दिसतांच बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करणें, असें दोनतीनदां केल्यावर तें पान येतें. त्यावर सुरुवातीची आपोआप दुरुस्ती, यंत्रास मागल्या चांगल्या दिवसाच्या स्थितींत नेणें, नुकतेंच आलेलें अपडेट काढणें, आणि ‘सेफ मोड’, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच परिवारासह उठणें, असे उपाय आहेत. यांपैकीं एकानेंही तुमचीं छायाचित्रें जात नाहींत. ‘रीसेट’ हा शेवटचा उपाय. त्यांतही ‘माझ्या फाइली ठेवा’ आणि ‘सर्व काढून टाका’ असे दोन पर्याय पुढें येतात. पहिल्यानें फाइली राहतात, परंतु मागाहून घातलेले प्रोग्रॅम जातात; दुसऱ्यानें कांहींच राहत नाहीं. तेथें बोट ठेवण्यापूर्वीं दोनदां वाचावें, मुलांनीं मोठ्यांस विचारावें, आणि मोठ्यांनींही मुलांस विचारण्यास लाजूं नये.

एवढ्या बारकाव्यांत शिरण्याची आवश्यकता काय, असें कोणी म्हणेल. त्यांनीं शुक्रवार, ता. १९ जुलै २०२४ ची हकीकत आठवावी. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीची, यंत्रांचें शत्रूंपासून रक्षण करणारी एक आज्ञावली जगभरच्या कचेऱ्यांत, बँकांत, रुग्णालयांत व विमानतळांवर बसविलेली होती. त्या दिवशीं आपल्याकडील सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटांनीं तिची एक सदोष फाइल सर्वत्र पाठविली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख यंत्रें निळा पडदा दाखवून अडलीं. तीं उठत, पडत, पुन्हां उठत, पुन्हां पडत. मुंबईसह देशांतील विमानतळांवर रांगा लागल्या, आणि कांहीं प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीनें ७८ मिनिटांत ती फाइल मागें घेतली. परंतु जें यंत्र उठतच नाहीं त्याला दुरुस्त फाइल पोहोंचणार कशी? प्रत्येक यंत्रापाशीं मनुष्य जाऊन बसला, त्यानें तें सेफ मोडमध्यें उठविलें, एका विशिष्ट फोल्डरांत जाऊन ‘सी-०००००२९१’ या अक्षरांकांनीं आरंभ होणारी एक फाइल पुसली, आणि यंत्र पुन्हां सुरू केलें. एक फाइल! त्या ८५ लाख यंत्रांपुढें आमचे शेजारचे जाणते गृहस्थ उभे असते, तर त्यांनीं काय सांगितलें असतें, हें वाचकांनींच ठरवावें.

त्या दिवशीं आणखी एक अडचण पुढें आली, आणि ती आपल्या घरच्या लॅपटॉपांसही लागू आहे म्हणून पालकांनीं इकडे विशेष लक्ष द्यावें. पुष्कळ यंत्रांतील तबकडी बिटलॉकर नांवाच्या कुलपानें बंद केलेली होती. सेफ मोडमध्यें जाण्यापूर्वीं यंत्र ४८ आंकडी किल्ली मागे, आणि ती किल्ली ज्या संगणकांत जपून ठेवली होती तोही कित्येक ठिकाणीं अडलेला! अलीकडील विंडोज ११ च्या नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्टचें खातें जोडून प्रवेश केला म्हणजे असें कुलूप बहुधा आपोआप लागतें. घरच्यांना त्याची वार्ताही नसते. चोरी झाल्यास तें उपकारक आहे, यांत संशय नाहीं. परंतु किल्ली त्या खात्यांत ठेवलेली असते, आणि खात्याचा पासवर्ड तर तें दुकानांत उघडून देणाऱ्या मुलासच त्या दिवशीं ठाऊक होता, अशी आमच्याकडील कित्येक घरांची स्थिति आहे. सबब यंत्र धड असतांनाच तें खातें उघडून तो ४८ आंकडी क्रमांक कागदावर उतरावा आणि शेताचे कागद जेथें ठेवतां तेथें ठेवावा.

आणि समजा, विंडोज खरोखरच उठण्यापलीकडे गेली, तरी ऐवज वांचविण्याचा मार्ग राहतोच. इ. स. १९९१ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स नांवाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या घरीं बसून लिहूं लागला, त्या लिनक्सचे अनेक प्रकार आज फुकट मिळतात. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनें सिद्ध केलेली ‘बॉस’ ही प्रणाली त्यांतलीच होय. उबुंटूसारखी लिनक्स दुसऱ्या यंत्रावर पेन ड्राइव्हांत भरून घ्यावी आणि अडलेलें यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून उठवावें. ‘बसवा’ हा पर्याय न निवडतां ‘वापरून पाहा’ हा निवडला, तर ती आंतल्या तबकडीस न पुसतां चालते. कुलूप असेल तर वरील किल्ली मागते, आणि तुमच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतां येतात. मग खुशाल फॉरमॅट करा. आमची कांहीं हरकत नाहीं. परंतु उलट क्रमानें गेलां तर हात चोळीत बसावें लागेल. फिरत्या जुन्या तबकडीवर फॉरमॅटनंतरही कांहीं अवशेष कधीं कधीं सांपडतात; नव्या एसएसडीवर तेवढीही आशा ठेवूं नये.

दुकानदारांस दोष देणें अन्यायाचें होईल. फॉरमॅटला तासभर लागतो व त्याचा दर ठरलेला असतो. दोष शोधण्यास कधीं सारा दिवस जातो, आणि सांपडल्यावर ‘पेन ड्राइव्ह काढला, एवढेंच ना?’ म्हणून गिऱ्हाईक पैसे देण्यास कां-कूं करितें. आपण शोधाचें मोल देत नाहीं, म्हणून आपणांस शोध मिळत नाहीं. दुकानीं जातांना ‘आधीं आंतला ऐवज उतरवून द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या, तोंपर्यंत कांहीं पुसूं नका’ असें चिठीवर लिहून द्यावें, आणि पैसे खरोखरच द्यावे.

आमच्या शाळेकडे पाहिलें तरी लाज वाटते. संगणकाच्या तासाला आम्ही मुलांस अक्षर ठळक कसें करावें, तक्ता कसा आंखावा हें शिकवितों. यंत्र अडल्यावर त्यानें दाखविलेली ओळ वाचून, लिहून घेऊन, तिचा अर्थ कसा लावावा हें शिकवीत नाहीं. मुलांनीं यंत्राच्या पोटांत हात घालूं नये, बिघडेल, असें कांहीं पालक आम्हांस सांगतात. स्क्रू उघडण्यापुरतें तें आम्हांस मान्य आहे. परंतु वाचण्यानें यंत्र बिघडत नाहीं. आणि ज्यानें आम्हांस पेन ड्राइव्ह दाखविला त्या मुलाच्या घरीं त्या वेळीं लॅपटॉप नव्हता. तो शाळेचें यंत्र रोज लक्ष देऊन पाही, एवढीच त्याची विद्या. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यांत दोन जुने संगणक धूळ खात पडले आहेत. ते मुलांच्या स्वाधीन करावे, शिक्षकांनीं त्यांत मुद्दाम निरुपद्रवी बिघाड करून ठेवावे, आणि कोणत्या स्टेशनावर गाडी अडली तें मुलांनीं वहींत लिहून द्यावें, अशी सूचना आम्हीं मुख्याध्यापकांपुढें ठेविली आहे व त्यांनीं ती ऐकून घेतली आहे.

बार्शीटाकळीच्या कालिकादेवीच्या जुन्या देवळांत शके १०९८ चा शिलालेख आहे. ज्यानें तो कोरविला त्यास कदाचित् दगड हाच पुरेसा भरवंसा वाटला असेल, आणि सुमारें साडेआठशें वर्षें तो खरा ठरला. आमच्या तबकड्यांस पांचदहा वर्षांचाही भरंवसा देतां येत नाहीं. म्हणून निदान दोन प्रती, त्यांतील एक घराबाहेर, एवढें तरी आम्ही आतां करितों. थोरल्या मावशी अद्यापि हयात आहेत. गेल्या दिवाळींत आम्ही त्यांच्या गांवीं जाऊन त्यांच्याकडून त्याच गोष्टी ऐकल्या व उतरवून घेतल्या. मात्र त्यांना त्यांतल्या तीनच आठवतात, आणि कोल्ह्याची गोष्ट त्या वेगळ्या रीतीनें सांगतात.

तो पेन ड्राइव्ह आमच्या टेबलाच्या खणांत अजून आहे. त्यावर इयत्ता नववीची एक प्रश्नपत्रिका आहे. दुसरें कांहीं नाहीं.